घारकड्यावरचं शूटिंग

“पल्हाद, तुझं ते भिरभिरं गाडीतच राहू दे बाबा,” दाजी म्हणाले. “इथं पोटापाण्याचं काम आहे. पोरखेळ नाही.”

“पोरखेळ नाही दाजी, ह्याला उडणं म्हणतात,” मी म्हणालो. “तुम्ही जे करता ते उडवणं नव्हेच. हवेत तिपाई टांगता तुम्ही.”

पुढच्या सीटवर बसलेली अक्का फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. मागं माझ्याशेजारी गिऱ्हाईक बसलं होतं ना! केतकी आणि रणजित, महिन्यावर लग्न आलेलं जोडपं. दोघं एकमेकांची बोटं धरून खिडकीबाहेर बघत होती. त्यांना आमच्या भांडणात काडीचा रस नव्हता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, श्रीरंग शेलार. तालुक्याच्या गावात त्यांचा फोटोचा स्टुडिओ. लग्न, मुंज, बारसं, वाढदिवस, सगळीकडं दाजी. ड्रोन आल्यापासून त्यांचा भाव भलताच वधारला होता. वरात निघाली की वरून दाजींचा पांढरा ड्रोन घोंघावत यायचा आणि नाचणारी पोरं माना वर करून हात हलवायची.

मी मोटारी रिवाइंडिंग करणारा माणूस. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि संध्याकाळी माळावर जाऊन स्वतः जुळवलेलं यंत्र उडवायचं, एवढंच माझं व्यसन. माझ्या ड्रोनमधून फोटो निघत नव्हते. निघायचा तो आवाज. डोळ्यांवर गॉगल चढवला की ड्रोनच्या नाकावरचा इवलासा कॅमेरा जे बघतो ते आपल्याला दिसतं. मग झाडांमधून, पुलाखालून, पाण्याला घासून... काय सांगू! पोटात गोळा येतो, आणि पुन्हा पुन्हा यावासा वाटतो.

दाजींना ह्यातलं काही पटत नसे. “फोटो नाही, व्हिडिओ धड नाही, पडलं की मोडतं. मग उडवायचं कशाला?” असं ते दर दिवाळीला विचारायचे. मी म्हणायचो, “दाजी, तुम्ही रिमोटची दांडी सोडली तरी तुमचा ड्रोन हवेत शहाण्यासारखा उभा राहतो. माझ्याची दांडी सोडली की तो धोंड्यासारखा खाली येतो. म्हणून तो उडवायला माणूस लागतो.” अक्का मध्ये पडून दोघांच्या पानात आणखी एकेक करंजी टाकायची आणि वाद तेवढ्यापुरता मिटायचा.

खरं सांगायचं तर माझं दाजींबद्दल मत काही फार बरं नव्हतं. माणूस भित्रा. घरात पाल निघाली की हे आधी पलंगावर, आणि झाडू घेऊन अक्का. उंचावर ड्रोन जायचा, स्वतः जायला ते तयार नसत. घारकड्यावर शूटिंग ठरलं तेव्हा अक्काच मला म्हणाली, “तू पण चल. ह्यांना कड्याशी उभं राहायचं म्हणजे कोणीतरी शेजारी लागतंय.”

गाडी पठारावर पोचली. दुपार कलली होती आणि ऊन छान पिवळं पडत होतं. फोटोवाल्यांना असलं ऊन म्हणजे पर्वणी. पठाराच्या कडेवरून एक अरुंद खोदीव वाट खाली उतरते आणि एका सज्जासारख्या कातळावर जाऊन संपते. मागं उभा कडा, पुढं दरी, वर यायला तीच एक वाट. केतकीनं भाड्याचा लाल गाऊन आणला होता. त्याला मागं ही लांबलचक शेपटी! तेवढ्या कापडात आमच्या गल्लीतल्या समस्त पोरींचे परकर झाले असते. अक्कानं ती शेपटी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि केतकीला पुढं घालून ती उतरायला लागली. मागून रणजित, कोटाची बटणं सांभाळत.

“अक्का, जपून गं,” मी वरून ओरडलो.

“तू ह्यांना जप,” ती खालून म्हणाली.

आता एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. दाजींचा ड्रोन जमिनीवरून कधी उडत नसे. जमिनीवरून उडाला की धूळ उठते आणि कॅमेऱ्यात जाते, हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून तो उडायचा अक्काच्या तळहातावरून. अक्का हात वर करून पोळपाट धरल्यासारखी उभी राहायची, ड्रोन तिच्या हातावरून उठायचा आणि काम झालं की तिच्याच हातावर येऊन बसायचा. लग्नाच्या मांडवात बायका हे बघायला गोळा व्हायच्या. ह्या ड्रोनांची एक खोड असते. ते जिथून उठतात ती जागा ‘घर’ म्हणून ध्यानात ठेवतात. घराची खूण असलेलं बटण दाबलं, किंवा खालच्या रिमोटशी त्यांचं बोलणं तुटलं, की ते आपले आपण घरी परत येतात. फोटोवाल्यांच्या बोटांना त्या बटणाची सवयच जडलेली असते. पाऊस आला, घरी ये. घार आली, घरी ये.

त्या दिवशीही ड्रोन अक्काच्या हातावरूनच उठला, त्या सज्जावरून. दाजी वर, कड्यापासून चांगले चार हात मागं, पाय फाकून उभे होते. रिमोट गळ्यात अडकवायचा पट्टा असतो, तो त्यांनी लावला नव्हता. “पट्टा घातला की कुत्र्यासारखं वाटतं,” म्हणायचे.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. लाल गाऊन वाऱ्यावर फुगला, रणजितनं केतकीला धरलं, खाली हिरवी दरी. मलासुद्धा रिमोटच्या पडद्यावर बघून वाटलं, छे, माणसाच्या हातात कला आहे. मी तसं बोललो मात्र नाही.

“आता बघ,” दाजी खुशीत येऊन म्हणाले. “कड्याच्या पोटाला घासून आणतो आणि एकदम ही दोघं दिसतील. लोक पुन्हा पुन्हा बघतील.”

ड्रोन सज्जापासून डावीकडं लांब गेला आणि कड्याच्या पोटाखाली शिरला. मी मान वाकडी करून त्या बाजूला बघितलं. वरून कातळ पुढं आलेला आणि त्याच्याखाली काळेकाळे काहीतरी लोंबत होतं. मोठ्या सुपांएवढं. एकाशेजारी एक.

“दाजी, ते काळं काय हो?”

“ओल असते कड्याला. शेवाळ आहे ते.” पडद्यावर ऊन पडलं होतं. त्यांनी हाताचा आडोसा करून डोळे बारीक केले.

त्या काळ्यावरून एक लाट गेली. वरून खाली, झुळकन, पडदा हलावा तशी. मग शेजारच्यावरून गेली.

“दाजी,” मी म्हणालो, “शेवाळ हलत नाही.”

आग्या मोहोळ! मी लहान असताना आमच्या गावच्या ओढ्याकाठी आग्या उठलं होतं. पोरांनी दगड मारला होता. माणसं पळाली, पण झाडाला बांधलेला बैल पळू शकला नाही. तो बांधल्या जागी मेला. मी त्याला नंतर बघितलं होतं. त्या दिवसापासून साधी मधमाशी कानाशी आली तरी माझ्या हातापायातलं त्राण जातं. दाजींच्या पालीला हसणारा मी, पण ही माझी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

मोहोळ फुटलं. दुसरा शब्द नाही. काळी सुपं एकाएकी रिकामी झाली, पांढरी पोळी उघडी पडली आणि हवेत धूर उठावा तसं काहीतरी ड्रोनभोवती गोळा व्हायला लागलं. आवाज मागाहून आला. जमिनीतून आल्यासारखा, जाड.

दाजींच्या अंगठ्यानं आपलं काम केलं. घर.

“दाजी, घर नको!” मी किंचाळलो. “घर म्हणजे अक्काचा हात आहे!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. मी बघितलं, त्यांना कळलं. त्यांचा अंगठा पुन्हा बटणाकडं गेला आणि तेवढ्यात एक माशी येऊन त्यांच्या मनगटावर बसली. दाजी केवढ्यानं तरी ओरडले आणि त्यांनी हात झटकला. रिमोट हातातून सुटला, कातळावर एकदा आपटला, उडाला आणि दरीत गेला. फुटल्याचा आवाज बराच खालून आला.

आता तो ड्रोन कोणाचंच ऐकणार नव्हता. तो घरी येणार होता, सगळं मोहोळ मागं घेऊन.

“अक्का!” मी कडेवर पालथा पडून ओरडलो. “माशा! आग्या माशा! गाऊन अंगावर घ्या! खाली बसा, हलू नका!”

अक्कानं वर बघितलं, मग डावीकडं. शहाणी बाई.  तिनं त्या दोघांना कड्याला टेकवून खाली बसवलं, गाऊनची शेपटी ओढून तिघांच्या डोक्यावरून घेतली आणि कापडाच्या कडा पायाखाली दाबल्या. वरून फक्त एक लाल गाठोडं दिसायला लागलं.

पण कापड ते केवढं जाड असणार? आणि तो ड्रोन येऊन नेमका त्या गाठोड्याच्या डोक्यावर उतरणार होता. चिडलेलं आग्या मोहोळ, आणि खाली चकाकणाऱ्या पातळ कापडात माझी बहीण. वर पळून यायचं म्हटलं तर तीच उघडी अरुंद वाट.

“आता काय? पल्हाद, आता काय?” दाजी विचारत होते. चेहरा पांढराफटक.

मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. खरंच वाटली. मी गाडीकडं धावलो आणि माझी पिशवी घेऊन आलो.

“पाडतो त्याला. घरी पोचायच्या आत हवेतच पाडतो. आणि मग माझं यंत्र कोकलत दरीत नेतो. माशा आवाजामागं लागतात.”

“तुझ्याच्यानं होईल?”

“न होऊन सांगता कोणाला!” मी बॅटरी जोडली, यंत्र कातळावर ठेवलं आणि खाली मांडी घालून बसलो. गॉगल हातात घेतला आणि माझा हात तिथंच थबकला.

गॉगल घातला की माणूस ठार आंधळा. शेजारी वाघ येऊन बसला तरी कळायचं नाही. म्हणून आम्हा लोकांत एक रीत आहे. गॉगलवाल्याशेजारी एक उघड्या डोळ्यांचा माणूस पाहिजे. त्याला आम्ही ‘डोळा’ म्हणतो. माळावर गेलो की आधी विचारतो, आज डोळा कोण? गाय आली, पोर आलं, तार आली, डोळा सांगतो.

“दाजी, डोळा व्हा माझा.”

“म्हणजे?”

“इथं माझ्या मागं उभं राहा. मला काही दिसणार नाही. माशा इकडं वळल्या तर लगेच सांगा.” माझे दात वाजायला लागले होते आणि ते त्यांना ऐकू जात असणार. “लगेच सांगा हां दाजी. मला ते सोसायचं नाही. मी गॉगल फेकून गाडीत पळणार. आधीच सांगून ठेवतो.”

दाजी माझ्याकडं बघत राहिले. “बरं,” म्हणाले. “सांगतो. घाल तू.”

मी गॉगल घातला. जग गेलं आणि ड्रोनच्या नाकासमोरचा खडबडीत कातळ तेवढा उरला. मी दांडी रेटली. माझं यंत्र किंकाळी फोडून उठलं आणि पठार खाली पडलं.

दाजींचा ड्रोन दिसायला वेळ लागला नाही. तो आधी सरळ वर चढला होता आणि आता संथपणे, आपल्याच तोऱ्यात, सज्जाच्या दिशेनं निघाला होता. पांढरा रंग नावालासुद्धा दिसत नव्हता. एक काळा फडफडणारा गोळा, आणि त्याच्यामागं लांब शेपटी.

“दाजी, माशा?”

“नाहीत. उडव तू.”

मी त्याच्यावर चाल करून गेलो आणि शेवटच्या घटकेला हात कचरला. त्या गोळ्यात शिरायचं म्हणजे! डोळ्यांसमोर एकदम माशाच माशा, काचेवर पाय, पोटं, पंख. मी ओरडून मान मागं घेतली. मान माझी होती, ड्रोनची नव्हती, पण अंगाला ते कुठं कळतंय? माझं यंत्र त्याच्या बाजूनं निसटून गेलं. चुकलं.

“चुकलो, दाजी!”

“पुन्हा जा.”

“माशा आल्या का इकडं? काहीतरी गुणगुणतंय.”

“तुझ्याच भिरभिऱ्याचा आवाज आहे तो. पुन्हा जा म्हणतो ना.”

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून काहीतरी जाड पडलं. दाजींचं जाकीट. ते त्यांनी माझ्या डोक्यावरून, हातांवरून, रिमोटवरून सारखं केलं.

“हे कशाला आता?”

“ऊन लागतंय रे. पडदा दिसायचा नाही तुला.”

गॉगलला कसलं आलंय ऊन! पण वाद घालायला वेळ कुठं होता? मी यंत्र वळवलं. दाजींचा ड्रोन आता सज्जाच्या बरोबर वर येऊन थांबला होता. खाली लाल गाठोडं. मग तो उतरायला लागला, अगदी हळू, गिऱ्हाइकाच्या लेकराला जपावं तसा.

माझ्या पोटरीला आग लागली. “चावली! दाजी, चावली मला!”

“एखादी असेल चुकार. एकटीच आहे.” त्यांचा आवाज अगदी कानाशी आला. “मी मारली ती. आता एकसुद्धा नाही. तू त्याला पाड.”

“नक्की?”

“तुझ्या अक्काची शपथ.”

दाजी अक्काची शपथ कधी घेत नसत. मी दात आवळले, यंत्र वर नेलं, नाक खाली केलं आणि कड्याकडून दरीकडं तिरकं त्याच्या पाठीवर टाकलं. कचकन आवाज झाला असेल, तो मला ऐकू आला नाही. गॉगलमध्ये आकाश, कडा, आकाश, कडा असं गरगरलं. मग मला खाली दरीत तो गोळा पडताना दिसला, एक पातं तुटून वेगळं उडालेलं आणि माशांचा धूर त्याच्यामागं खाली चाललेला.

“पाडला! दाजी, पाडला!”

 दाजी माझ्या पाठीवर रेलले होते. छाती माझ्या पाठीला, दोन्ही हात माझ्या खांद्यांवरून पुढं, जाकिटावर. चांगलं जड अंग. मला नीट बसता येईना.

“अहो अंगावर कशाला रेलताय! हात हलतो माझा!”

“वारा आहे,” ते म्हणाले. बोलणं जरा जाड वाटलं. “ती... ती दिसते का?”

मी यंत्र सज्जाकडं वळवलं. ते एका बाजूला ओढत होतं, धडक बसून वाकलं असणार. लाल गाठोडं तसंच होतं. पण त्याच्यावर काळे ठिपके होते, पुष्कळ, आणि ते हलत होते. सगळ्याच माशा काही खाली गेल्या नव्हत्या.

“कापडावर आहेत अजून,” मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. गॉगलमध्ये रडलं की काच धुरकट होते, पुसता येत नाही. “कापडावर बसल्यात, दाजी!”

“मग ने ना त्यांना. ने लांब.”

“माझी बॅटरी सरत आलीय.”

“आहे तोवर ने.”

मी यंत्र सज्जासमोर नेलं, गाठोड्याच्या अगदी जवळ, आणि तिथंच ते रेकत ठेवलं. कोकल म्हटलं बाबा, कोकल. एक ठिपका उठला. मग पाच-दहा. मग लाल कापडावरून काळी साय निघावी तसं सगळं एकदम सुटलं आणि माझ्या तोंडावर आलं. ह्या खेपेला मी मान मागं घेतली नाही. मी दरीकडं वळलो. फार जोरात नाही, त्यांना गाठता येईल अशा बेतानं. मध्ये एकदा मागं वळून बघितलं, येतायत का. येत होत्या. त्यांच्यापलीकडं पठार दिसलं, आमची गाडी, आणि कडेवर एक ठिपका. मी आणि दाजी मिळून एकच ठिपका दिसत होतो.

“दाजी, आपल्याकडं काही नाही ना? आवाज फार येतोय.”

“नाही.”

“बघून सांगा.”

“बघितलं. काही नाही. जा तू.”

मी जात राहिलो. पलीकडची डोंगराची सोंड आली, तिच्यावरची झाडं आली. जुन्या टीव्हीसारख्या चित्रावर मुंग्या यायला लागल्या. मग एकदा झाडाचा शेंडा दिसला आणि सगळं करडं झालं. माझं यंत्र गेलं. दोन वर्षं जुळवत होतो ते. त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही.

“संपलं,” मी म्हणालो. “नेल्या. दाजी, नेल्या सगळ्या!”

आणि मी गॉगल काढला.

जाकिटाच्या आत अंधार होता. बाहेरून दाजींचे हात मला घट्ट धरून होते. जाकिटाच्या फटीतून त्या हातांवर माझी नजर गेली. ते हात नव्हते. उकडीच्या मोदकासारखे फुगलेले दोन गोळे होते, आणि त्यांच्यावर अजून माशा चालत होत्या.  मी जाकिटासकट उठलो, त्यांना बगलेत धरलं आणि ओढत गाडीकडं निघालो. त्यांचे पाय कुठंही पडत होते. दोनदा ते गाडीच्या उलट्या बाजूला वळले. मी त्यांना मागच्या सीटवर ढकललं, दार लावलं, आत आलेल्या माशा जाकिटानं रगडल्या आणि मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

ते मी सांगणार नाही. डोळे कुठं आहेत ते कळत नव्हतं, एवढंच सांगतो. नाकाचा शेंडा तेवढा ओळखू येत होता. दवाखान्यात पुढं काटे उपटता उपटता नर्सबाई मध्येच बाहेर जाऊन रडून आल्या. दाजी वाचले, पण वाचतील असं पहिले दोन दिवस कोणी म्हणत नव्हतं.

“दाजी,” मी म्हणालो. “अहो, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“आली का रे?” ते म्हणाले. ओठ हलत नव्हते, आवाज नुसता आतून येत होता. “वर आली का ती?”

मी काचेतून वाटेकडं बघितलं. वाट रिकामी होती. नुसतं ऊन पडलं होतं तिथं.

“केव्हापासून दिसत नाही तुम्हाला?”

“ते जाऊ दे. आली का?”

“आली,” मी म्हणालो. “येतीय दाजी. दिसतीय मला.”

त्यांनी मान मागं टाकली. श्वास घेताना त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी वाटेवरची नजर काढली नाही. किती वेळ गेला देव जाणे. मला वाटायला लागलं, मी खोटं बोललो, आणि आता हा माणूस ह्या खोट्यावरच जाणार.

मग वाटेच्या तोंडाशी लाल काहीतरी हललं. तिघंही गाऊनच्या शेपटीखाली वाकून, पावसात एका घोंगडीखाली चालावं तशी, एकमेकांना धरून वर येत होती. केतकी रडत होती. रणजितच्या कानाला सूज होती. अक्कानं डोक्यावरचं कापड बाजूला केलं आणि ती गाडीकडं धावत सुटली. तिच्या कपाळावर एक टेंगूळ आलं होतं, बाकी माझी बहीण धडधाकट होती.

तिनं दार उघडलं. आधी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मग माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडं बघितलं. घाबरून एक पाऊल मागं सरली, त्याला नीट न्याहाळलं, आणि मान वळवून सगळ्या पठारावर नजर फिरवली. कडेपर्यंत.

“पल्हाद,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, “हे कुठं आहेत?”

शेजारचा हात सीटवरून उचलला गेला आणि हवेतच चाचपडत राहिला.

“अगं,” दाजी म्हणाले, “इथं.”